पुढची पट्टी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्याकडे आलेल्या पहिल्याच फाइलीतली स्कूटर हुबेहूब काकांनी आपल्यासाठी केलेल्या स्कूटरसारखी आहे. ते चूक आहे. या स्कूटरच्या चित्रात चाकं वळवणारी पट्टी पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे आहे, काकांच्या स्कूटरमध्ये ती पुढे होती. 'हुबेहूब' हा शब्द मी आनंदाच्या भरात लिहून टाकला.

तू म्हणशील, काकांच्या घरच्या शाळेची खोड अजून गेली नाही. नाहीच गेली. खोडायचं नाही, पुसायचं नाही, चूक सापडली की पुढच्या पानाच्या डोक्यावर दुरुस्ती लिहायची. पेटंट कार्यालयात यावरून माझी चेष्टा होते. आणि हो, मी तुला लिहिते त्यात गुपित काही नाही. हा पेटंटचा अर्ज जाहीर झालेला आहे, तो कुणीही वाचू शकतं. हे मी विचारून घेतलं आहे.

आता पुढचं. ताई, बसून वाच.

दोन्ही रचनांमध्ये नक्की फरक काय, हे कळावं म्हणून मी खोलीवर दोन्हींची पुठ्ठ्याची मॉडेलं केली. पट्ट्या कापल्या, सांध्यांना टाचण्या लावल्या, आपण करायचो तसंच. तुला रचना आठवत असेल. इंजिन नाही, फळीवर उभं राहायचं, पुढे दोन चाकं, मागे एक. हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. ज्या बाजूला झुकाल त्या बाजूला पायाखालची फळी कलते आणि फळीखालची पट्टी चाकांना त्याच बाजूला वळवते. काका आपल्याला मॉडेल नेहमी एका बोटाने हळूच ढकलायला लावायचे. 'पुठ्ठ्यावर जोर करायचा नाही, पुठ्ठा फाटतो.' तसंच हळूच ढकललं तर दोन्ही मॉडेलं शहाण्यासारखी वळतात.

पण आमच्याकडे नियम असा, की हलणारा भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवून पाहायचा. म्हणून मी जोर केला. मागची पट्टी असलेलं मॉडेल शेवटपर्यंत गेलं आणि थांबलं, कारण फळी आसावर टेकते. काकांचं थांबलं नाही. फळी खूप कलली, पट्टी आणि चाकाला जोडलेली कडी एका सरळ रेषेत आल्या, त्या रेषेपलीकडे गेल्या, आणि चाकं खट्कन उलट्या बाजूला वळली. गुडघा मागच्या बाजूला वाकावा तसं. मी किंचाळले. घरमालकीणबाई दार वाजवून विचारून गेल्या, पाल आहे का म्हणून.

सपाट रस्त्यावर फळी इतकी कलत नाही. उतारावर, सगळा भार पुढे आलेला असताना, कुणी जीव तोडून झुकलं तरच कलते.

ताई, त्या दिवशी तू स्कूटरवरून उतार उतरत होतीस आणि काकू, तुझी आई, तुझ्या डाव्या हाताच्या कडेने चढ चढून येत होती. तू बारा वर्षांची होतीस. तू तेव्हाही सांगत होतीस आणि दवाखान्याच्या बाकावरही सांगत होतीस, की मी उजवीकडे झुकले होते. सगळे म्हणाले, पोर घाबरली, तिला डावं-उजवं कळलं नाही. तेव्हापासून तू घरात 'होकायंत्र' झालीस, मग नुसती 'होका'. मीसुद्धा तुला त्या नावाने हाक मारली आहे.

तू उजवीकडेच झुकली होतीस. तू जितकी जास्त झुकलीस, तितकी ती डावीकडे गेली.

मला अजून काही सुचत नाही. चहा केला होता, तो गाळायचा राहिला आहे.

तुझी
शंकी


९ फेब्रुवारी

शंके,

तुला पगार स्कूटर तपासायचा मिळतो की माझं बालपण? सोळा वर्षांनी पुठ्ठा कापून मला निर्दोष सोडणारी तू कोण न्यायाधीशीण?

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. 'बसून वाच' हे तू मधोमध लिहितेस, पाकिटावर लिहायचं. हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या पँटवर ठेवली, ती उचलायचीच राहिली. गुडघ्यावर मोठा तिकोनी डाग. तो माणूस आता दोन दिवसांत येईल आणि मी त्याला काय सांगू, माझी बहीण पेटंट तपासते म्हणून?

हे बघ, मला या गोष्टीची सवय झाली आहे. आईला कमोडवरून उठवताना कुठे धरायचं, जिना चढताना काठी कुठल्या हातात द्यायची, थंडीत तिच्या कमरेला किती वेळ शेक लागतो, हे सगळं मला झोपेतही येतं. मी तिचं हाड मोडलं म्हणून मी तिचं करते, हा सरळ हिशोब आहे. तो तू उधळू नकोस. उधळलास तर मी इतकी वर्षं इथे काय केलं?

आणि आठवतं का, आरेखनाच्या शाळेत माझं नाव लागलं होतं, तेव्हा बाबाच म्हणाले होते, "जिला डावं-उजवं कळत नाही तिने यंत्रांचे नकाशे काढले, तर कारखान्याचं दार छतात उघडेल." सगळे हसले होते. मी तर पोट धरून हसले होते. गेलेच नाही मग. शिवणयंत्राला बरं, त्याला एकच दिशा.

तू मनाने चांगली आहेस, पण तुझं मॉडेल चुकलेलं असणार. लहानपणी तुझी टाचणी नेहमी तिरकी बसायची, बाबा उपटून परत लावायचे. साचे पाठव. तुझ्या बोटांवर माझा विश्वास नाही. माझ्या कात्रीवर आहे.

होका


१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सोबत दोन्ही रचनांचे साचे पाठवते आहे. भोकांच्या जागा मी तीनदा ताडून पाहिल्या. काकांच्या स्कूटरची मापं मात्र आठवणीतली आहेत, ती थोडी चुकलेली असू शकतात. पुढची पट्टी थोडी आखूड-लांब करूनही पाहिली, तरी ती उलटतेच. तू जोर करून बघ. फाटलं तर फाटू दे.

एक हात जोडून विनंती. काकांना इतक्यात काही सांगू नकोस. त्यांना हे माहीत असणं शक्य नाही. माहीत असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी दारात उभं राहून दुरुस्ती सांगितली असती. ज्या माणसाने आपल्याला भागाकारातल्या चुकीबद्दल रडू दिलं नाही, 'चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं' असं शिकवलं, त्याला या वयात हे कळलं तर तो मोडून पडेल. कसं सांगायचं ते मी येऊन ठरवते.

इथेही गुंता झाला आहे. एखाद्या रचनेत ज्या मुद्द्यांवर मालक हक्क मागतो, त्यांना आम्ही दावे म्हणतो. या कंपनीने चित्रात पट्टी मागे दाखवली आहे, पण दाव्यात लिहिलं आहे, 'आसाच्या पुढे किंवा मागे'. म्हणजे काकांची रचनाही ते आपलीच म्हणून मागताहेत. माझ्या अहवालात एक रकाना असतो, याआधी ही रचना लोकांसमोर वापरली गेली होती का. असेल तर हक्क मिळत नाही. आपली स्कूटर भर रस्त्यावर चालत होती. अख्ख्या गल्लीने पाहिली होती.

मी आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना नुसतं एवढंच विचारलं, की घरातली जुनी वस्तू फाइलीतल्या वस्तूसारखी निघाली तर काय करायचं. त्या म्हणाल्या, "अगं, मला प्रत्येक फाइलीत माझ्या आजेसासूबाईंचं शिवणयंत्र दिसतं. काम कर." सगळे हसले. मी अपघाताबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही. जीभ वळत नाही.

तुझी
शंकी


२० फेब्रुवारी

शंके,

तुझी टाचणी सरळ होती.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा कापत बसले होते. आईला समोर खुर्चीत बसवून वाटाणे सोलायला दिले होते. बाबा बाहेर अंगणात नळाशी काहीतरी खुडबुडत होते. मी आधी मागच्या पट्टीचं मॉडेल केलं, ते सरळ वागलं. मग पुढच्या पट्टीचं केलं. ढकललं. उलटलं. सगळ्या टाचण्या काढून पुन्हा लावल्या. ढकललं. उलटलं. मी आ वासून त्याच्याकडे बघत बसले.

आई मान वर न करता म्हणाली, "ती पट्टी मागे घे. पुढे असली की उलटतेच ती."

मला वाटलं मला भास झाला. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"पुढे असली की उलटते. त्यांनी सांगितलं होतं ना," आई म्हणाली. आणि मग तिचा हात थांबला. एक शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटात. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि शंके, इतक्या वर्षांत मी आईचा असा चेहरा पाहिला नव्हता. काठी सुटते आणि माणूस पडायच्या आधी हवेत असतं ना, तसा.

मी म्हटलं, "कधी सांगितलं?"

"दवाखान्यात. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो गं. आधी म्हटलं, पोरींचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला तर शिकवणार कोण? जरा मोठ्या होऊ देत. मग तू मोठी झालीस. मग तू माझं सगळं इतकं नीट करायला लागलीस."

"मग?"

तिने ती अर्धी शेंग ताटात टाकली. मी पुन्हा विचारलं, "मग काय, आई?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. त्या नकाशांच्या शाळेत."

इतक्यात बाबा हात पुसत आत आले. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही पाहिलं. म्हणाले, "पुठ्ठा जाड घेतलास." आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं असं काही झालं की माणूस ओरडतं. मी कात्री बंद केली आणि दूध उतू जात होतं ते उतरवलं. संध्याकाळी आईला आंघोळ घातली. करणार काय, ती एकटी उभी राहू शकत नाही, दुखणं तर खरं आहे. पण पाठीला साबण लावताना माझा हात थबकला. मला क्षणभर कळेना, ही बाई कोण आहे.

तू बाबांना सांभाळून घ्यायचं म्हणत होतीस. घे आता.

ताई


२७ फेब्रुवारी

चि. शंकीस अनेक आशीर्वाद.

तुझी ताई माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुला लिहितो. टेबलावर राहिलेली तुझी पत्रं आणि साचे मी पाहिले. तुझं मॉडेल बरोबर आहे. पट्टीची लांबी तू बोटभर कमी धरली आहेस, पण निष्कर्ष बदलत नाही. मी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी फळीच्या एका कडेला वाळूचं पोतं बांधून स्कूटर त्याच उतारावर सोडली, तेव्हा मला कळलं. त्याच दिवशी मी ती सुटी करून भंगारात दिली.

तुम्ही दोघी माझ्या भरवशावर शाळेत न जाता घरी शिकत होतात. मास्तरच चुकला हे लहान मुलांना एकदा कळलं, की त्यांना दोन अधिक दोनचीही खात्री उरत नाही. मी तुमचं शिक्षण वाचवलं. आज तू ज्या खुर्चीत आहेस ती त्यामुळेच आहेस. 'होकायंत्र' हे नाव मीच ठेवलं होतं. मुलं हसायला लागली की प्रश्न विचारायचं थांबवतात.

आता व्यवहाराचं. तुझ्या अहवालात माझी स्कूटर आणण्याचं काही कारण नाही. पुढची पट्टी दाव्यात लिहिल्याप्रमाणे चालत नाही, हे पुठ्ठ्यावरूनच सिद्ध होतं. तेवढंच लिही. कंपनी 'पुढे किंवा' हे शब्द काढून टाकेल, तुझं काम चोख ठरेल आणि घरातली गोष्ट घरात राहील. गल्लीतली माणसं मला अजून मास्तर म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू समंजस आहेस.

काकूची तब्येत बरी आहे. ती सारखी तुझी आठवण काढते.

तुझा
काका


४ मार्च

शंके,

बाबांनी तुला लिहिलेलं पत्र टाकायच्या आधी मला वाचून दाखवलं होतं. त्यांना वाटलं, मला पटेल. 'प्रश्न विचारायचं थांबवतात' हे वाक्य त्यांनी सहज वाचलं, जसं पाणी किती अंशाला उकळतं ते सांगावं तसं. मी ऐकत राहिले. मग म्हटलं, "आजपासून आईची आंघोळ तुम्ही बघा." ते म्हणाले, "मला कसं जमेल?" मी म्हटलं, "हळू ढकला. जोर करायचा नाही."

रात्री आई रडली. मी तिच्या खोलीत गेले नाही. जावंसं वाटलं, पण गेले नाही.

तुला एकच विचारायचं आहे, खरं सांग. तू त्या दिवशी पाहिलं होतंस का? मी उजवीकडे झुकले होते, हे तुझ्या डोळ्यांना दिसलं होतं का? पुठ्ठ्याचं ठेव बाजूला. तू लिहून देणार असशील तर तेही लिही. सरकारी शिक्क्याखाली एकदा ते वाक्य मला बघायचं आहे.

ताई


६ मार्च

प्रिय ताई,

नाही. मी पाहिलं नाही. मी घरात खिडकीकडे पाठ करून पाढे लिहीत होते. मला आवाज ऐकू आला, मग काकूची किंकाळी. तुला बरं वाटावं म्हणून मी पाहिलं असं लिहू शकत नाही, कृपा करून रागावू नकोस. स्कूटर रस्त्यावर चालत होती हे मी पाहिलं आहे, मी स्वतः चालवली आहे, ते मी लिहीन. पट्टी कुठे होती ते लिहीन. पण तू कुठे झुकलीस हे तुझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. ते वाक्य तुलाच लिहावं लागेल. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. अशा निवेदनाला आमच्याकडे किंमत असते. त्याची तिथे नोंद होते आणि ते कुणी काढून टाकू शकत नाही.

मी काकांना उत्तर अजून दिलेलं नाही. तीन वेळा बसले. तू लिहून पाठवलंस की मग देईन.

शंकी


१२ मार्च

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उशिराने उत्तर देते आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धं पान संपेपर्यंत समजत होते, की हे दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं आहे. मग तुमचं अक्षर दिसलं.

तुम्ही सुचवलेला रस्ता मी नीट तपासला. तो खरंच सोपा आहे. पण अहवालात तो रकाना आहेच, याआधी ही रचना लोकांसमोर वापरली गेली होती का. तुमची स्कूटर वगळायची तर तिथे मला 'असा वापर आढळला नाही' असं लिहावं लागेल. मी त्या स्कूटरवर उभी राहून उतार उतरले आहे. 'आढळला नाही' हे मला लिहिता येत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत असं लिहिणार होते, पण थांबले. तुम्ही मला नक्की काय शिकवलंत, हे आता मला माहीत नाही.

काल मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "अगं, लोक नातेवाईक लपवतात, तू हुडकून आणतेस! पहिली फाइल आहे तुझी. अजून कायम झालेली नाहीस. विचार केलास का?" मी हो म्हटलं. त्यांनी पाणी पुढे केलं. म्हणाल्या, की घरच्या माणसाचा संबंध आला की फाइल मला ठेवता येणार नाही, ती दुसऱ्याकडे जाईल, आणि माझ्या कामाच्या नोंदीत ती परत केलेली म्हणून दिसेल. परीक्षक म्हणून माझं काम संपलं. साक्षीदार म्हणून निवेदन देता येईल. मग म्हणाल्या, "आणि जेवत जा. भुतासारखी दिसतेस."

माझं निवेदन तयार आहे. त्यात तुमचं नाव आहे, पट्टीची जागा आहे आणि तुम्ही मला लिहिलेल्या वाळूच्या पोत्याची चाचणी आहे. तुमच्याबद्दल एकही विशेषण त्यात नाही. दोन होती, ती काढली.

ताईचं निवेदन आज आलं. पाऊण पान आहे. त्यातलं एक वाक्य तुम्हाला कळवायला तिने सांगितलं आहे: 'आई डाव्या बाजूला दिसल्याबरोबर मी सगळा भार टाकून उजवीकडे झुकले.' पाकिटात तिने मला वेगळी चिठ्ठी घातली आहे. आरेखनाच्या शाळेत वयाची अट आहे का, ते विचारून ठेव, म्हणून. अट नाही. मी विचारलं.

तुम्हालाही निवेदन देता येईल. दिलंत तर ते याच फाइलीत आमच्या निवेदनांशेजारी लागेल. मला ते हवं आहे, हे लपवत नाही. पण त्यासाठी थांबणार नाही. काकूला माझा नमस्कार सांगा. तिला काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

फाइल आणि दोन्ही निवेदनं मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे, येत्या सोमवारी, १६ मार्चला.

तुमची पुतणी